पुलावर बंद पडणारी लाल गाडी

थांबा, हे आत्ताच सांगायचं हाय! हात घासून घासून धुतले तरी बोटांले पेट्रोलचा वास येऊन राह्यला, मोबाइलच्या काचेवर ग्रीसचे ठसे उमटून राह्यले, आई जेवाले हाका मारून राह्यली, पण आधी हे लिहितेच. आमची लाल गाडी चालली! दिग्रसले गेली अन् दिग्रसहून परत आली, मधात कुठंच रुसली नाही. म्हणजे जाताना एकदा रुसली, पण तीच तर गोष्ट हाय.

लाल गाडी म्हणजे बाबांची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल. माया जन्माच्या आधीची. लग्नानंतर बाबांनी आईले बाभुळगावकडून तिच्यावरच बसवून आणलं होतं. आवाज असा का गाडी वेशीत शिरली का आई चुलीवर चहा मांडे, अन् बाबा दारात येईपर्यंत उकळी फुटलेली असे.

पण मागच्या काही वर्षांपासून तिले एकच रोग लागला होता. घरून मस्त निघे, पळे, अन् नाल्यावरच्या पुलापाशी गेली का फुस्स. बाबा उतरत, टाकीचं झाकण उघडून आत पाहत, टाकी हलवत, "पेट्रोल तं हाय," म्हणत, झाकण लावत अन् किक मारत. गाडी चालू! दर वेळी हेच. गावातले लोकं तं म्हणाले लागले का त्या पुलावरच काहीतरी हाय.

दिग्रसचे मेकॅनिक काका म्हणाले, "कॉइल गरम होत असन, भाऊ. जरा थंडी झाली का चालते." कॉइल म्हणजे ठिणगीले करंट देणारी डबी. ती नवी टाकली. पूल आला, फुस्स. मंग काकांनी साफ सांगितलं का आता मले नाही सापडून राह्यलं. बाबांनी नवी गाडी घेतली अन् लाल गाडी कोठ्यात लावली. कोठा म्हणजे घराले लागून असलेली खोली. वेचलेला कापूस भाव येईपर्यंत आम्ही तिथंच भरतो.

मी पुसदले कॉलेजात हाय. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली तं बाबा म्हणाले, "कापूस घरी येऊन राह्यला, कोठा मोकळा पायजे. भंगारवाल्याले रविवारी बोलावलं."

मी कोठ्यात गेली. गाडीच्या हँडलले दसऱ्याची झेंडूची माळ वाळून लटकली होती. मायं डोकंच फिरलं.

"बाबा, मले द्या ती. मी नीट करते."

"तू? अवं, जिथं मेकॅनिक थकला तिथं तू काय करणार हायस?"

"पोरी होस्टेलवर रील पाहतात ना, तवा मी कार्बोरेटर खोलायचे व्हिडिओ पाहते."

"मंग मोबाइललेच किक मार," बाबा म्हणाले. पण चावी दिली!

पहिले करंट पाह्यला. प्लग काढला तं काळाकुट्ट, ओला. साफ केला, इंजिनाले टेकवला, किक मारली, तं ठिणगी अशी पिवळी अन् मरतुकडी का काय सांगू. मंग पॉइंट उघडले. पॉइंट म्हणजे दोन छोटे पत्रे, त्यांच्या उघडझापीवर ठिणगी पडते. त्यांच्यावर काजळी चढली होती. पॉलिश पेपरनं घासले, मधातली फट नीट बसवली, परत किक. टच्च! निळी, जाड ठिणगी! मी इतक्या जोरात ओरडली का आई कणकेच्या हातानं पळत आली.

"शॉक लागला का वं?"

"नाही, ठिणगी आली!"

"तेच्यासाठी एवढं बोंबलतात? मायं काळीज हाललं ना."

मंग कार्बोरेटर खोलला. खालच्या वाटीत गाळ होता, अन् जेटमधी, म्हणजे पेट्रोलच्या त्या बारक्या छिद्रात, कापसाचा एक धागा! कापसाच्या कोठ्यात उभ्या ठेवलेल्या गाडीच्या पोटात दुसरं काय सापडणार? तार नाही घातली, छिद्र मोठं होते. पेट्रोलनं धुतलं, फुंकून फुंकून मोकळं केलं. सगळं बसवलं. गाडी एका किकमधी चालू! बाबा चहाचा कप घेऊन बाहेर आले, उभ्या उभ्या आवाज ऐकला, म्हणाले, "रेस जास्त हाय," अन् आत गेले. पण कप रिकामा होता. बाहेर याले त्यांले तेवढंच निमित्त होतं, मले समजलं.

मी फुगली ना! तशीच बसली अन् काढली. शेतं मागं पडून राह्यले, हवा लागून राह्यली, अन् पूल आला.

फुस्स.

रागात किक बी नाही मारली, घरापर्यंत ढकलतच आणली. बाबा ओसरीतूनच म्हणाले, "काय वं, पूल आला होता का?"

मले रडू आलं, पण मी प्लगचा पाना शोधाचं नाटक केलं. बाबांले दिसलं असन. जरा वेळानं ते जवळ आले अन् म्हणाले, "हे पाय, उद्या शनिवार. दिग्रसले जाय, कचोरी आण. घरी आल्यावर ती गरम लागली पायजे. गरम असन तं गाडी राहीन. थंडी असन तं परवा भंगारात."

आता समजलं ना? पुलावर थांबून गाडी थंडी करत बसली तं कचोरी बी थंडी. अन् गाडी गेली.

आज दुपारी कॉलेजच्या बॅगेत पाने टाकून निघाली. पूल आला, बंद. पण मी ठरवलंच होतं का आज बाबा करतात ते काहीच नाही करायचं. झाकण उघडायचं नाही, टाकी हलवायची नाही. जशी बंद पडली तशीच तपासायची.

पहिले प्लग. काढला, टेकवला, किक. निळी ठिणगी! म्हणजे करंट ठीक, बिचारी कॉइल बदनाम झाली होती. मंग कार्बोरेटरपाशी पेट्रोलची नळी काढली. टप, टप, टप... अन् थांबलं. टाकी भरलेली, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडा, अन् पेट्रोल येत नाही! येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या हळू होऊन पाहून राह्यल्या का हे पोरगी पुलावर काय करून राह्यली. मी शेवटी झाकणाले हात लावला. उघडलं.

सूंऽऽऽ!

टाकीनं अशी हवा ओढली जशी कोणीतरी पाण्यातून डोकं वर काढलं, अन् खाली नळीतून पेट्रोलची धार माया चपलेवर! मी पुलावर नाचली. खरंच नाचली. पेट्रोल खाली जायचं तं वरून हवा आत याले लागते. त्याच्यासाठी झाकणाले एक बारकं छिद्र असते. ते बुजलं होतं. बाबा थांबून "पेट्रोल हाय का" पाहाले झाकण उघडत, हवा आत जाये, अन् गाडी चालू होये. सगळे समजत का थंडी झाली म्हणून चालली. अन् पूलच काहून? कारण घरून तिथपर्यंतच तिले तो एक श्वास पुरे, अन् पुलावर घेतलेला दुसरा दिग्रसपर्यंत!

झाकण उलटंसुलटं करून पाह्यलं. वरून लाल-पिवळ्या वाळलेल्या थरावर थर, अन् त्यात एक तांदळाचा दाणा. ओढणीची पिन काढली, कोरलं, फुंकलं. छिद्र मोकळं झालं. वास घेतला. हळद होती ती.

दिग्रसले पोहोचली. कढईतून काढलेल्या कचोऱ्या कागदात, कागद पिशवीत, पिशवी ओढणीत गुंडाळून पोटाशी बांधली. चटके बसून राह्यले, पण सुटू दिली नाही. परत येताना पूल आला. मी श्वास रोखला. पूल गेला! गाडी गेली! मी हेल्मेटच्या आत एकटीच किंचाळली.

बाबा दारातच उभे होते. कचोरी घेतली, मोठा घास घेतला, अन् तोंड उघडं ठेवून, "हाऽ हाऽ हाऽ!" डोळ्यात पाणी.

"गरम हाय?"

"मीठ कमी हाय," बाबा म्हणाले.

आईनं विचारलं, "काय झालतं मंग गाडीले?"

आता हे कसं सांगायचं? मी नुसतं झाकण तिच्या हातात दिलं. तिनं कोरलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"हे तं मायं कुंकू होय." दर दसऱ्याले गाडीची पूजा आईच करते. ओलं हळद-कुंकू, वर अक्षदा, बोटानं दाबून, बरोब्बर टाकीच्या झाकणावर.

बाबा म्हणाले, "म्हणजे इतके वर्षं तू तिचं नाक दाबून धरलं होतं!"

"अन् तुमी? दरवर्षी ताट धरून बाजूले कोण उभं राहे? मले तं ते कपाळ वाटलं तिचं. तुमाले बी नाक नाहीच दिसलं ना!"

आम्ही तिघंही इतके हसलो का कचोरी खरंच थंडी झाली. आई म्हणाली, पुढच्या दसऱ्यापासून टिका हेडलाइटले. बाबांनी भंगारवाल्याले फोन लावला. "येऊ नको गा. गाडी चालू हाय. नाही नाही, मेकॅनिकनं नाही. माया पोरीनं." मंग मेकॅनिक काकांले लावला. मंग ज्यांले गाडीशी काही घेणंदेणं नाही अशा लोकांले बी लावला. दर फोनले "माया पोरीनं" जरा जास्तच जोरात. मी आत उभी राहून सगळे फोन ऐकले.

आता नवी गाडी अंगणात लिंबाखाली उभी हाय, लाल गाडी ओसरीत, अन् कोठा कापसाले मोकळा.

तुमच्याकडं बी झालं का हो असं कधी? सगळी मशीन खोलून पाह्यली, अन् दोष निघाला तिथं, जिथं घरच्यानं सगळ्यात मायेनं हात लावला होता?