पंपवाल्या काकांचा कान

बोलता बोलता काकांचं एक बोट वर जायचं. मान तिरकी करून ते म्हणायचे, "आवाज बदललो."

मालवणी माणूस. मुलुंडात अर्धं आयुष्य काढलं तरी जिभेवरचं गाव गेलं नव्हतं. बोट वर गेलं की समोरच्यानं गप्प राहायचं. वरची टाकी भरत आली की पाण्याचा आवाज बारीक होतो, खालच्या टाकीतलं पाणी संपलं की पंप कण्हायला लागतो. हे त्यांना गेटवरूनसुद्धा कळायचं आणि ते बटण बंद करायला पळायचे.

पळायचेच, कारण काका शांतपणे चालताना किंवा बसलेले मी फारसे पाहिले नाहीत. चहाचा ग्लास हातात घेऊन फेऱ्या मारायचे. उभे राहिले तर एक पाय हलत राहायचा आणि कमरेची किल्ल्यांची जुडी वाजत राहायची. वॉचमन त्यांना भिंगरी म्हणायचा. तुमच्याही सोसायटीत असा एक माणूस असेल, ज्याला दिवसातून दहा वेळा हाक मारतात आणि ज्याचं आडनाव कुणाला सांगता येत नाही.

आमची सोसायटी डोंगराच्या पायथ्याशी. पंपाची खोली अगदी मागे, कुंपणाला लागून, आणि कुंपणापलीकडे जंगल. त्याच खोलीच्या माळ्यावर काका राहायचे. मी चौथ्या मजल्यावर, तीन जणांबरोबर भाड्याने. तालुक्याच्या गावातून आलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. अंधेरीच्या ऑफिसात रुजू व्हायच्या पहिल्याच सकाळी नळाला पाणी नाही आणि लिफ्ट बंद. मी जिन्यात रडवेला उभा होतो. काकांनी दोन बादल्या चार मजले चढवून आणल्या.

"काय रे ग्रॅज्वेट, पयल्या दिवशी पारोसो जातलंस?"

तेव्हापासून मी त्यांचा ग्रॅज्वेट झालो. रोज ऑफिसला निघण्याआधी पंपाच्या खोलीकडे एक चक्कर ठरलेली.

तिथेच मी साप बघायला शिकलो. आमच्या गावी साप दिसला की आधी काठी शोधत. काका आधी माणसाला गप्प करत. सकाळी पाणी आलं की पंप सुरू करायचा आणि तो चालू असेपर्यंत कुंपणाशी फिरायचं, हा त्यांचा क्रम. फिरता फिरता कान साळुंक्यांकडे. साळुंक्यांची रोजची बडबड वेगळी आणि खाली साप असताना एकाच जागी घिरट्या घालत केलेला कलकलाट वेगळा. "आवाज बदललो," म्हणत काका त्या दिशेनं सरकायचे. आणि मग नवल घडायचं. पाय थांबायचा. किल्ल्या मुठीत गच्च धरलेल्या. भिंगरी फिरायची थांबायची.

एकदा त्यांनी मला करवंदीच्या जाळीत हरणटोळ साप दाखवला. हिरव्या फांदीसारखा हिरवा, झुळूक आली की फांदीसारखाच डोलणारा. त्याच्यापासून हातभर अंतरावर एक सरडा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला ऑफिसची वेळ दिसायला लागली.

"काका, हा खाणार की नुसता बघणार?"

"तुका घाई, तेका नाय. हलू नको."

मी हललो. पायाखाली पान वाजलं, सरडा पळाला, हरणटोळ तसाच राहिला. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाच्या पुढ्यातलं ताट ओढलं होतं.

"सकाळचो उपाशी असतलो तो," एवढंच बोलले आणि पुन्हा फेऱ्या सुरू.

पंपाच्या खोलीमागे फुटक्या लाद्यांचा ढीग होता. त्यात एक धामण राहायची. चांगली लांब, पिवळट तपकिरी. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिच्यावरून कुजबुज सुरू झाली होती. कुणाला ती नाग वाटली होती, कुणी लाद्या उचलून तिला मारा म्हणत होतं. काका ज्याला त्याला सांगत, "बिनविषारी हा. उंदीर कोण खातलो मग, तुम्ही?" यानं प्रश्न सुटायच्याऐवजी माणसं दुखावत होती.

मला वाटलं, लोकांनी एकदा डोळ्यांनी बघितलं तर पटेल. शिकलेल्या माणसाला असंच वाटतं.

त्या सकाळी पंप चालू होता, साळुंक्या ओरडल्या आणि आम्ही दोघं खोलीमागे गेलो. धामण मान वीतभर उचलून स्थिर होती. लाद्यांतून उंदीर बाहेर आला. मी मोबाइल काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. तिनं झडप घातली ती दिसलीच नाही. दिसलं ते एवढंच, की उंदीर तिच्या तोंडात आहे आणि अंगाच्या वेढ्यानं ती त्याला पाइपाशी दाबून धरते आहे. त्याचा मागचा पाय हलत होता. मला बघवत नव्हतं आणि मोबाइल खालीही घेववत नव्हता.

तेवढ्यात काकांचं बोट वर गेलं. त्यांनी एक पाऊल मागे घेतलं.

"काका, हलू नका ना! एकच मिनिट. ती पळेल."

काका थांबले.

त्या एका मिनिटाची दहा-बारा मिनिटं झाली. धामणीनं उंदीर डोक्याकडून फिरवून घेतला आणि जबड्याची एक बाजू, मग दुसरी, असं करत आत ओढला. शेपूट दिसेनाशी झाली तसे काका खोलीकडे धावले. मला उशीर झाला होता. मी गेटकडे धावलो.

बसमध्ये बसून मी व्हिडिओ कापला. सुरुवातीला हात हलून धामणीऐवजी काकाच दिसत होते, माझा आवाज आला होता. तो भाग काढला. उरलेला ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'आपले पंपवाले काका आणि आपली धामण. बिनविषारी आहे. कृपया मारू नये.' ऑफिसात पोचेपर्यंत मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

संध्याकाळी परतलो तर गेटवर टँकर आणि तळमजल्यावर मीटिंग. पंप कोरडा चालून मोटर जळाली होती. दिवसभर कुणाच्या नळाला पाणी नव्हतं. सेक्रेटरींनी माझा व्हिडिओ सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात लावला. धामण गिळत होती आणि मागे काहीतरी कर्कश किंचाळत होतं. सकाळी मला ते ऐकूच आलं नव्हतं.

"हा आवाज कसला, काका?"

"पंपाचो. कोरडो चल्लो होतो."

"आणि तुम्हाला ऐकू नाही आला? तुम्हाला?"

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. पाय हलत नव्हता. किल्ल्या मुठीत.

"नाय. लक्ष नव्हता."

कापलेला भाग माझ्या खिशातल्या मोबाइलमध्ये होता. भाडेकरूनं मीटिंगमध्ये बोलायचं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. खोली गेली तर कुठे जायचं, हेही सांगितलं. काकांना नोकरी सोडायला सांगितलं, म्हणजे माळाही सोडायला. मी मागच्या रांगेत उभाच राहिलो.

तिसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींकडे जाऊन पूर्ण व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत बघितला. "त्या दिवशी का नाही दाखवलास?" मग जरा थांबून, "जाऊ दे आता. त्यांनीच कबूल केलं ना." तोवर काका गावी गेलेही होते.

आता पंपाला सेन्सर आहे. पाणी संपलं की तो आपोआप बंद पडतो, कुणी ऐकायची गरज नाही. लाद्या उचलल्या गेल्या. धामण कुठे गेली, कुणालाच माहीत नाही.

फोन करायला मला चार महिने लागले. एका दुपारी ऑफिसच्या मागच्या जिन्यात जाऊन नंबर लावला.

"बोल रे ग्रॅज्वेट!" ते अंगणात फेऱ्या मारत असावेत; चपला ऐकू येत होत्या.

"काका, त्या दिवशी मी तुम्हाला थांबवलं. आणि नंतर बोललो नाही."

चपला थांबल्या नाहीत. "तू थांबवलंस म्हणान नाय थांबलंय मी. माकाच बघूचा होता."

मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. वर गेलेलं बोट, मागे घेतलेलं पाऊल. खोटं त्यांना कधीच नीट जमलं नाही.

"काका, मी..."

"गप," ते कुजबुजले. "आवाज बदललो."

चपला थांबल्या. लांब कुठेतरी साळुंक्या ओरडत होत्या. वरून डबे घेऊन लोक उतरत होते, बाजूला हो म्हणत होते. मी मोबाइल कानाशी धरून तसाच उभा राहिलो. हललो नाही.