सात मिनिटे पुढे

असे गूढ अनुभव वाचताना मी आजवर लिहिणाऱ्याची चूकच शोधत आलो आहे. आता स्वतःचा लिहितो आहे. माझी चूक कुणी दाखवून दिली, तर मनापासून आभारी राहीन.

मी पदार्थविज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक. घड्याळदुरुस्ती एकसष्टाव्या वर्षी शिकायला घेतली, त्यामुळे हातात कौशल्यापेक्षा भीतीच अधिक. गंगापूर रोडवरील आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर शैलावहिनी राहतात. त्यांचे यजमान वसंतराव ओझरच्या विमान कारखान्यात होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि त्यांचे चावीचे मनगटी घड्याळही कपाटात बंद पडून राहिले.

"भाऊजी, तुम्हाला जमेल का? नाहीतर आमचा निखिल त्यात सेलचं मशीन बसवून आणणार. म्हणतो, वरून तेच दिसेल ना! अहो, टिकटिक गेली तर उरलं काय त्यात?"

मी ते उघडून स्वच्छ केले, तेल दिले. गती कमी-अधिक करणारा आतला बारीक काटा केसभर सरकवत आठवडाभर मोबाइलच्या अॅपवर ठोके तपासले. फरक दिवसाला पाच-सहा सेकंद... माझ्या मानाने हे फारच उत्तम.

वहिनींकडे दिले. दुसऱ्या दिवशी सात मिनिटे पुढे! खाली आणले, माझ्या टेबलावर बिनचूक. पुन्हा दिले – पुन्हा सात.

"काका, कशाला डोळे फोडून घेताय?" त्यांचा मुलगा निखिल हसला. "शनिवारी टाकतो दुकानात."

तिसऱ्या वेळी – सांगायला लाज वाटते – मला वहिनींचाच संशय आला. पूर्ण चावी देऊन, काटे फिरवता येऊ नयेत म्हणून, मी चावीवरच कागदाची पट्टी चिकटवली. सकाळी गेलो, तर पट्टी जशीच्या तशी. घड्याळ सात मिनिटे पुढे. दुपारपर्यंत समोर बसून राहिलो. सातच! बिघडलेले घड्याळ पुढे जातच राहते. एका ठरावीक अंतरावर येऊन शहाण्यासारखे चालू लागत नाही.

"वहिनी, हरलो मी. दर वेळी बरोबर सात मिनिटं..."

"माहितीये मला," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही इतके खपलात, म्हणून बोलायचा संकोच वाटला. आमचे हे मुद्दामच ते सात मिनिटं पुढे ठेवायचे. कंपनीची बस चुकू नये म्हणून, असं जगाला सांगायचे. बूट घालून उठले की मी म्हणायचे, 'बसा हो, सात मिनिटं आहेत.' मग चहाचा दुसरा अर्धा कप."

शनिवारी निखिल आला. "झालं का दुरुस्त?"

उत्तरपत्रिका तपासताना मी कधी अर्धा गुणही उगाच वाढवला नाही. पण म्हणालो, "झालं. फक्त सात मिनिटं पुढे राहू दे. जुनं मशीन आहे, तेच त्याला मानवतं."

त्याने आईकडे पाहिले आणि घड्याळ टेबलावर परत ठेवले.

याला वर्ष होत आले. चुंबक, उष्णता, टेबलाचा उतार – सगळे तपासून झाले. कारण सापडलेले नाही. तपासायला म्हणून अजूनही अधूनमधून वर जातो. घड्याळ सात मिनिटे पुढेच असते. दुसरा अर्धा कप संपेपर्यंत तेवढी पुरतात.