हातचलाखीचा दवाखाना

अख्ख्या मावळात लोकांना फसवायची इतकी हौस असून आजवर एकालाही फसवू न शकलेला माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या ताईच्या पदरात पडला. आमचे भाऊजी दातांचे डॉक्टर. लोणावळ्यात खाली माझं चिक्कीचं दुकान आणि वर त्यांचा दवाखाना, त्यामुळे आम्ही दोघं संगनमताने धंदा करतो असं गावाचं पक्कं मत आहे. पेशंटची भीती घालवायला जादूसारखं औषध नाही, असं भाऊजींनी कुठल्याशा शिबिरात ऐकलं आणि तेव्हापासून दवाखान्यात कापसापेक्षा रेशमी रुमाल जास्त झाले. पेशंटला पत्ता ओढायला लावणार, मग त्याच्या तोंडात आरसा, नळी, कापूस सगळं कोंबून विचारणार, "बदामाची राणी, बरोबर?" आता नाही म्हणायला तोंड कुणाचं मोकळं आहे? कानामागून नाणं काढायला गेले की ते हटकून थुंकायच्या भांड्यात पडतं. शाळकरी पोरं तर "काका, बाहीत आहे" म्हणून सरळ मदत करतात. ताई म्हणते, लग्नात मंगळसूत्र घातलं, तेवढंच काय ते यांच्या हातून न पडता झालं. आणि प्रयोगाला प्रेक्षक हवा म्हणून, गिऱ्हाईक वाऱ्यावर सोडून मी वर जायचं!

लोहगडवाडीच्या मावशी आल्या तेव्हाही असाच गेलो. या मावशी गडावर जाणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालतात. त्यांची दाढ किडून गाल सुजला होता. गोळ्यांनी सूज उतरली, पण दाढ काढल्यावाचून सुटका नव्हती आणि मावशी तीनदा जिन्यावरूनच परत गेल्या होत्या. तरुणपणी कुणीतरी बधिर न करताच त्यांचा दात उपटला होता, त्याची धास्ती. दुसऱ्यांना भाकऱ्या थापून घालणारी बाई स्वतः पेजेवर राहून पार वाळली होती. चौथ्यांदा कशाबशा खुर्चीपर्यंत आल्या. भाऊजींनी ऐटीत नाणं गायब केलं.

"डाक्टर, डाव्या बाहीत हाय."

मग रुमाल. तोही मावशींनी धरला. भाऊजींचा चेहराच पडला. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मावशी, मला जादू येत नाही. दात तेवढा काढता येतो."

"येत न्हाई तर करता कशापायी?"

"तुम्ही घाबरता ना, म्हणून."

 मावशींनी पदर सावरला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

भाऊजींनी इंजेक्शन दिलं आणि गाल बधिर होईपर्यंत त्यांच्या चुलीच्या, पिठाच्या, गडावर येणाऱ्या पोरांच्या चौकशा केल्या. नंतर मान खाली घालून कामाला लागले. खरं सांगतो, मी हाताच्या अंतरावर उभा होतो, तरी मला काही कळलं नाही. थोड्या वेळाने मावशींनीच जड जिभेने विचारलं, कवा काढणार म्हणून. भाऊजींनी मूठ उघडली. तळहातावर दाढ होती.

मावशींनी दाढेकडे पाहिलं, भाऊजींची बाही चाचपली, स्वतःचा गाल चाचपला. मग त्यांना रडूच फुटलं. भाऊजींचा हात काही त्यांनी सोडला नाही.

"तवा तुमी असायला पायजे व्हता," त्या म्हणाल्या.

एरवी बोलून बोलून डोकं उठवणाऱ्या आमच्या भाऊजींनी मोकळ्या हाताने तोच रेशमी रुमाल त्यांना डोळे पुसायला दिला. बाहेर दोन पेशंट ताटकळत होते, पण बराच वेळ त्यांना कुणी आत बोलावलं नाही.