पालीच्या तोंडावरची डोलकाठी

सागवानाची गोल पदकं, सुरुवातीच्या वर्षांची. विजेत्यांनी उभं राहायचा तीन पायऱ्यांचा चौथरा. पाण्याची पिंपं ठेवायचे बाक, जे अजूनही डुगडुगत नाहीत. माझ्या मोजणीच्या चाकाची पेटी, आतून फडक्याचं अस्तर लावलेली. जेसल पार्कच्या माझ्या घरात भिंतीच्या कडेने गेलेला हाताचा कठडा. आणि किनाऱ्यावरच्या पाली गावाच्या तोंडावर उभी असलेली ती डोलकाठी, जिला वळसा घालून आपल्या शहराची मॅरेथॉन दरवर्षी माघारी फिरते. ही सगळी पास्कल काकांच्या हातची कामं. त्यांनी आयुष्यभर बांधलेल्या होड्या वेगळ्याच. त्यांची यादी त्यांच्या गावाने करावी, मला त्यातलं कळत नाही.

काका पंच्याहत्तर वर्षं पूर्ण करत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात दोन पानं लिहा, असं शर्यतीच्या समितीने मला सांगितलं, कारण शर्यतीचा मार्ग पहिल्या वर्षापासून मी मोजत आलो आहे. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. शाळा नववीत सुटली. अंतर मोजायला मी कोणाकडून शिकलो नाही, चाकाकडून शिकलो, आणि माझं माप आजवर कोणी खोटं ठरवलेलं नाही. तेव्हा लिहीन तेही मोजूनच लिहीन.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीने आपली शर्यत हाती घ्यायचं ठरवलं होतं आणि मग माघार घेतली. तेव्हापासून धावणाऱ्या मंडळींत बोललं जातं, की पालीच्या म्हाताऱ्याने पैसे मागितले म्हणून कंपनी गेली. हे वाक्य मी माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसलेल्या माणसाकडून ऐकलं. गौरवाच्या ग्रंथात असलं लिहू नये, हे मला कळतं. पण ज्यांना हार घालायचा त्यांच्या नावावरचा डाग तसाच ठेवून हार घालणं मला जमणार नाही. काकांनी पैसे मागितले की नाही, ते क्रमाने सांगतो.

आमची ओळख भांडणाने झाली. पहिल्या वर्षीचा मार्ग भाईंदर पश्चिमेच्या मैदानापासून पालीतल्या चर्चच्या दारापर्यंत आणि परत, असा होता. म्हणजे खरं तर ती अर्धी मॅरेथॉन. पण लोक मॅरेथॉन म्हणतात, तर म्हणोत. परवानग्या सगळ्या घेतल्या होत्या. विचारलं नव्हतं फक्त गावाला. आमच्या डोक्यात रविवार म्हणजे सुट्टी, रस्ता मोकळा. पालीत रविवार म्हणजे मीस, चर्चमधली प्रार्थना. अख्खं गाव ठेवणीतले कपडे घालून त्याच अरुंद गल्लीतून निघतं. त्यात गल्लीच्या कडेने जवळा, म्हणजे बारीक कोळंबीसारखी मासळी, वाळत पसरलेला.

मी सर्वांत पुढे, वाट दाखवायला सायकलवर. गल्लीच्या तोंडाशी एक उंच गृहस्थ पांढऱ्या शर्टात, दोन्ही हात पसरून उभे.

"कंय चाललाव?"

"काका, शर्यत आहे. मॅरेथॉन."

"मंग तुज्या मॅरेथानला सांग, वाईच थांब."

तेवढ्यात पहिला धावपटू येऊन पोचला. मीरा रोडचा तरुण. जागच्या जागी पाय नाचवत म्हणाला, "अंकल, साइड दो ना, टाइम जा रहा है."

"टायम तुजा जाते, जवला माजा जाईल," काका म्हणाले. "चालत जायचं तं जा. धावायचं न्हाय."

आणि त्या वर्षी सगळे चालत गेले. मागून येणारेही काकांना बघून आपोआप चालायला लागत होते. पहिल्या शर्यतीच्या वेळा इतक्या वाईट का, असं नवी मुलं विचारतात. कारण हे. जवळ्यावर मात्र एकाचाही पाय पडला नाही.

पुढच्या वर्षी पाली नकोच, असं आमच्यातल्या बहुतेकांचं मत पडलं. ते काकांच्या कानावर कसं गेलं कोण जाणे, पण एका दुपारी ते पत्ता विचारत माझ्या दुकानात आले. पंक्चर काढत होतो, तर समोर उभे.

"परत येनार न्हाय म्हनं तुमी?"

"काका, तुम्हीच तर अडवलंत."

"धावायला अडवलं. यायला कदी अडवलं? घरातल्या पोरी इचारतात, ती मानसं परत कदी येनार. काय सांगू त्यांना?"

मग तोडगा त्यांनीच काढला. मोडीत निघालेल्या एका होडीची डोलकाठी त्यांनी तासून, तेल पाजून तयार केली आणि गावात शिरायच्या आधी, स्वतःच्या जागेत, होड्या बांधायच्या छपरीसमोर पुरली. धावणाऱ्यांनी इथूनच वळायचं. गल्ली गावाची, काठी शर्यतीची. मी चाक फिरवून आलो आणि सांगितलं, की काठी एकशे साठ मीटर अलीकडे आली, म्हणजे जाऊन-येऊन तीनशे वीस मीटर कमी पडतात.

"तीनशे मीटरानं कोन मरते रं?"

"काका, तुमच्या होडीला एक फळी चार बोटं आखूड बसवली तर चालेल?"

काका हसले. "न्हाय चालनार. मंग तुजी सुरवात मागं ने. काठी हितंच."

त्याप्रमाणे सुरुवातीची रेघ मी तीनशे वीस मीटर मागे नेली. आपल्या शर्यतीची सुरुवात आणि शेवट एका जागी का नाही, असा प्रश्न दरवर्षी मला कोणी ना कोणी विचारतो. त्याचं उत्तर आता छापून राहील.

पदकांना तेव्हा आमच्याकडे काही नव्हतं. काकांनी होडीच्या सागवानाचे उरलेले तुकडे गोल कापले, भोक पाडलं, जाळ्याची दोरी ओवली. आज धातूची पदकं आहेत, पण त्यावर चित्र डोलकाठीचंच आहे. टी-शर्टवर तीच, जाहिरातीत तीच. आपल्या शर्यतीचा चेहरा कोणता म्हणाल, तर ती काठी.

एक गोष्ट मात्र कोणी ठरवून केलेली नाही. वेगाने धावणारे काठीला वळतात तेव्हा गाव चर्चमध्ये असतं. त्यांना बघायला काका, मी आणि एखादा कुत्रा. मीस सुटते तेव्हा मागे राहिलेले येत असतात. वजनदार, वयस्कर, पहिल्यांदाच धावणारे. आणि गाव घरी न जाता तसंच, ठेवणीतल्या कपड्यांत, काठीपाशी येतं. सगळ्या टाळ्या त्यांना मिळतात. नया नगरच्या एका भगिनी त्यांच्या पहिल्या शर्यतीत इथेच बाकावर बसल्या आणि "बस, अब नहीं होगा" म्हणाल्या. काकांनी त्यांना पाण्याचा ग्लास दिला आणि आपल्या हिंदीत म्हणाले, "बैठो आराम से. काठी तो तुमने पकडा. अब जो चलेंगा, वो घर के तरफ चलेंगा." त्या उठल्या आणि गेल्या. आता दरवर्षी येतात, वळताना काकांना सलाम करून जातात.

आता माझ्या घरचं. माझ्या वडिलांची अर्धांगाने एक बाजू गेली, तेव्हा त्यांना सर्वांत मोठं दुःख हे होतं, की संडासाला जायला सुनेचा हात धरावा लागतो. मी हे काकांकडे सहज बोललो होतो. पुढच्याच आठवड्यात ते हत्यारांची पिशवी घेऊन आले. वडिलांना पलंगाच्या कडेला बसवलं, त्यांचा चांगला हात किती उंचीवर टेकतो ते पाहून पेन्सिलीने भिंतीवर खूण केली, आणि पलंगापासून संडासाच्या दारापर्यंत सागवानी कठडा बसवला. होडीच्या कडेला जशी गोलाई देतात तशी, हाताला कुठे टोचायचा नाही. वडील शेवटच्या दिवसापर्यंत त्या कठड्याला धरून स्वतः गेले. कोणाचा हात धरला नाही.

मजुरी काही केल्या घेईनात. मी हट्टाला पेटलो, तेव्हा दुकानात टांगलेली पितळी घंटी त्यांनी बोटाने वाजवून पाहिली. "ही दे." मला वाटलं, नातवाच्या सायकलला हवी असेल. पुढच्या शर्यतीला पाहतो तर ती डोलकाठीवर, हाताला येईल अशा उंचीवर बसवलेली. तेव्हापासून वळणारा प्रत्येक जण घंटी वाजवून वळतो.

आता गेल्या वर्षाचं. कंपनीचं म्हणणं असं होतं, की शर्यत महामार्गावर न्यावी. रस्ता रुंद, सपाट, हजारो माणसं धावू शकतील. यात खोटं काही नव्हतं, आणि मोजायला तर तो रस्ता फारच सोपा. त्यांची अट एकच. शर्यतीचा चेहरा सोबत हवा. डोलकाठी तिकडे नेऊन उभी करायची. ती काकांच्या जागेत, काकांच्या मालकीची, म्हणून कंपनीच्या साहेबांना घेऊन मी पालीला गेलो. समितीनेच पाठवलं. साहेब सभ्य होते, हे नोंदवतो. बूट काढून ओट्यावर बसले, दिलेला चहा प्यायले.

"काका, क्रेन आणू. अलगद उचलू. खाली प्लेट लावू, आपका नाम रहेगा उसपे."

काकांच्या पत्नी मारीकाकू दारातूनच म्हणाल्या, "क्रेन आनताव तं ह्यांनाच उचलून न्या. दिसभर त्या काठीपाशीच बसलेले असतात. माजं घर तरी मोकलं व्हईल."

सगळे हसलो. मग साहेबांनी आकडा सांगितला आणि हसू थांबलं. काकू आत गेल्या. मी छपरीकडे बघत होतो. फायबरच्या होड्या आल्यापासून तिथे नवं लाकूड आलेलं नाही, आणि वरचे पत्रे दोन ठिकाणी उडालेले. काकांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन पैशांपायी दोनदा पुढे गेलेलं, हेही मला माहीत होतं.

"तितं मीस सुटल्यावर कोन येल बगायला?" काकांनी विचारलं.

"काका, मोठी स्क्रीन लावणार आहोत आम्ही."

"बरं," काका म्हणाले. नंतर जे बोलले ते मी जसंच्या तसं देतो. "साहेब, शहर हितं रोज येते. मासं घ्यायला येते, न्हायतं बाटल्या टाकायला येते. वरसातला एक दिस ते पानी मागायला येते, आनि आमी देतो. तो एक दिस मी इकू काय?"

साहेब उठले, हात जोडले, बूट घातले. काठी नाही म्हणून कंपनीने शर्यतही सोडली. या वर्षी माणसं कमी होती, टी-शर्टचं कापड हलकं होतं. पण घंटी वाजत होती, आणि मीस सुटल्यावर गाव काठीपाशी आलं होतं.

ती अफवा ऐकली त्याच दिवशी मी दुकान बंद करून पालीला गेलो. म्हटलं, "काका, मी सगळं लिहितो. आकड्यासकट."

"लिवू नको. आकडा कलला तं अर्धा गाव मला येडा म्हनंल."

"आणि आता शहर तुम्हाला लोभी म्हणतंय, ते?"

"म्हनू दे. तुला लिवायचंच हाय तं मी मेल्यावर लिव."

काकांचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. आज मोडतो आहे, आणि त्याचं कारणही त्यांनीच समजून घ्यावं. काकांचे गुडघे बरे व्हावेत, छपरीवर नवे पत्रे चढावेत, मारीकाकूंची बोलणी खात त्यांनी त्या काठीपाशी शंभरी ओलांडावी आणि वळणाऱ्या प्रत्येकाची घंटी ऐकावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ही इच्छा खरी व्हायची तर त्यांच्या अटीप्रमाणे थांबून माझं लिहिणं राहूनच जाईल, कारण त्यांच्याआधी मी गेलेला असेन. म्हणून आजच, त्यांच्या डोळ्यांदेखत लिहितो. पास्कल काकांनी एक पैसाही मागितला नाही. डोलकाठी घंटीसकट उपटून महामार्गावर नेऊ द्यावी, यासाठी कंपनीने त्यांच्या ओट्यावर बसून देऊ केलेली, आणि त्यांनी माझ्यासमोर नाकारलेली रक्कम होती अकरा लाख रुपये.