पांढरं ताट

भातकुलीची माळीण आमच्या गल्लीत टोपली उतरवायची, तेव्हा माझं डोकं तापायचं ते शेजारच्या बाईमुळे. आंबे, पपई, टरबूज, जांभळं ती भरभरून घ्यायची, पण त्यातलं काही आपल्या मुलीच्या ताटात पडू द्यायची नाही. मुलीला भर उन्हाळ्यात दहीभात आणि पांढरा कांदा.

"नागपूरच्या कारकुनाचं स्थळ हाय," ती तळहातावर बोट आपटत सांगायची. "रंगाचं खाल्लं का कातडीत रंग उतरते. पोरगी उजळली पाह्यजे."

पोरगी उजळली नाही. तिचे ओठ चिरले, गालांचे पापुद्रे सुटायला लागले. तिची आई त्यावर साय चोळायची आणि चोळता चोळता स्वतःच रडायची. ती दुष्ट असती तर मला सरळ भांडता तरी आलं असतं.

एकदा मी पोरीला ओसरीवर बोलावून पपईची फोड दिली. ती तोंडाशी नेते तोच बाई आली. तिने फोड पोरीच्या हातातून काढून घेतली आणि उभ्याउभ्या स्वतः खाऊन टाकली.

मला राहवलं नाही. "मंग तुमी काहून खाता वो सारं?"

"मले आता कोन पाह्याले येते, बाई?"

उन्हात तिचा काळा चेहरा तुकतुकत होता. एवढी नितळ कातडी आमच्या गल्लीत दुसऱ्या कोणाचीच नव्हती. आणि तिच्यामागे पोरगी, बोटांना लागलेला केशरी रंग परकराला घासघासून पुसत होती.