आत्यांचा ठिपका

यंत्रशाळेत त्यांना सगळेच आत्या म्हणत, अगदी मोठे साहेबसुद्धा. एका लांबलचक तांब्याच्या नळीपाशी त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं. रेडिओलहरींच्या बळावर ही नळी इलेक्ट्रॉनांना पुढे रेटायची. रोज सकाळी आत्या त्यांच्या वाटेत चमकपट्टी सरकवत. इलेक्ट्रॉन आपटले की पट्टीवर हिरवा ठिपका उजळे, आणि आत्या म्हणत, "आलास का बाबा?" मगच त्यांचा चहा.

या लाडाचं लेकीला हसू येई. ती शेजारच्या लेझरच्या खोलीत कामाला होती. तिचा लेझर वायूच्या फवाऱ्यावर पडला की बोटभर अंतरात इलेक्ट्रॉन असे सुसाट सुटत, की तेवढ्या जोरासाठी आईला अख्खी इमारतभर नळी लागावी.

"तुझी नळी आता भंगारात घाल," ती जेवताना चिडवायची.

"आणि तुझे इलेक्ट्रॉन? सुटलेली शाळा नुसती," आत्याही सोडायच्या नाहीत.

खरंच होतं ते. लेझरच्या इलेक्ट्रॉनांत जोर होता, सारखेपणा नव्हता. म्हणून साहेबांनी दोन्ही यंत्रांची सोयरीक जमवली. लेकीचे इलेक्ट्रॉन आईच्या नळीतून न्यायचे. जास्त जोराच्यांना आवरायचं, कमी पडणाऱ्यांना ढकलायचं. जमलं तर नळी राहणार, नाहीतर निघणार. चाचणीच्या दिवशी आत्या चहाही न घेता नळीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

लेझर चालला. नळीच्या तोंडाशी पट्टीवर ठिपका उमटला, चांगलाच फिस्कटलेला. आत्या त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिल्या. बाकीच्यांचे डोळे नळीच्या पलीकडच्या पडद्यावर होते, आणि तिथे अंधार होता. पुन्हा लेझर, पुन्हा अंधार. साहेबांनी चष्मा काढून ठेवला. आत्यांचा चेहरा उतरला.

फोन वाजला. लेझरच्या खोलीतून लेक बोलत होती; तिलाही तिथे तोच अंधारा पडदा दिसत होता. "आई, घरी भांड्यावरचं झाकण सारखं उघडून बघतेस, तसलं काही केलं नाहीस ना? पट्टी काढलीस?"

आत्यांनी जीभ चावली. बघण्याच्या नादात पट्टी वाटेतच राहिली होती आणि इलेक्ट्रॉन बिचारे दारातच अडले होते.

"साहेब, घोळ माझाच," म्हणत त्यांनी बटण दाबलं. पट्टी बाजूला झाली.

पुढच्याच खेपेला पलीकडच्या पडद्यावर ठिपका उजळला. मोहरीएवढा, गोल, नेटका. साहेब आधी हसले, मग सगळी खोलीच हसायला लागली. नळी राहिली होती. आत्या ठिपक्याकडे बघण्यात इतक्या रमल्या, की नेहमीचं बोलायचंच विसरल्या.

फोन अजून त्यांच्या कानाला होता. त्यातून लेकीचा आवाज आला, हळूच.

"आलास का बाबा?"