दार लोटले

माझा मामा जुळारी होता. शिशाचं एकेक अक्षर उचलायचं, त्याची ओळ करायची, ओळींचं पान करायचं, हे त्याचं अडतीस वर्षांचं काम. अक्षरांच्या केसमध्ये चारशेच्या वर घरं असत आणि त्यातल्या एकाही घराकडे तो बघत नसे. डोळे लेखकाच्या कागदावर, डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, आणि उजवा हात आपला आपण फिरतोय. खिळ्यावरचं, म्हणजे त्या शिशाच्या तुकड्यावरचं, अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं. मामा ते आपण पाटी वाचतो तितक्या सहज वाचायचा. त्याच्या छापखान्यात मी पहिल्यांदा गेले तेव्हा आठ वर्षांची होते. त्याने माझं नाव जुळवून माझ्या तळहातावर दाबलं, आणि मी दोन दिवस हात धुतला नाही. आईने शेवटी धपाटा घालून धुवायला लावला.

त्याला एकच घमेंड होती, पण ती डोंगराएवढी. लेखकाच्या शब्दाला आपण कधी हात लावला नाही, असं तो सांगायचा. मक्षिकास्थाने मक्षिका. लेखकाने घोडचूक केली असली तर ती घोड्यासकट छापायची. "शब्द त्याचे, हात माझे," म्हणायचा. माणूस एरवी इतका अबोल की जेवताना मीठ हवं असलं तरी मिठाकडे नुसतं बघत बसेल.

मी ग्रंथपाल झाले ती बहुधा त्या तळहातावरच्या नावामुळे. आमचं वाचनालय म्हणजे दवाखान्याच्या वर दोन खोल्या. जिन्यात औषधांचा वास आणि वर पुस्तकांचा. तिथे एक कादंबरी अशी आहे की जिची शिवण मी आजवर पाच वेळा करून घेतली. 'मीठवाटेची राणी'. तीनशे चार पानं. मिठाची वाट राखणारी एक राणी आणि मिठाच्या तांड्याचा नाईक यांचं प्रेम जमतं, लढाई होते, तो जातो, बारा वर्षं त्याचा पत्ता नाही. शेवटच्या पानावर तो पहाटे तिच्या दारात उभा असतो. दार किलकिलं असतं. आणि शेवटचं वाक्य: 'राणीने त्याच्याकडे एकवार पाहिले आणि हळूच दार लोटले.'

संपलं पुस्तक. आता सांगा, उघडलं की मिटलं?

आपल्या भाषेत दार लोटून माणूस आत येतो, आणि दार लोटून घेतलं की बाहेरचा बाहेरच राहतो. एकच क्रियापद, आणि ते दोन्ही बाजूंनी जेवतं. त्या एका शब्दावरून माझ्या वाचकांत एक्केचाळीस वर्षं जुंपलेली आहे. शेवटच्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलंय, 'उघडलं!' त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'मिटलं. आणि बरं केलं.' त्याच्याखाली तिसरं, 'दोघेही मूर्ख आहात, पुन्हा वाचा.' वाचनालयाच्या पुस्तकात लिहिणाऱ्यांचे हात कलम करावेत असं माझं ठाम मत आहे. तरी ते पान पुसायला माझा हात कधी धजला नाही.

लेखक पुस्तक बांधून व्हायच्या आधीच वारले, त्यामुळे विचारायची सोय नव्हती. गेल्या वर्षी त्यांच्या नातीचा फोन आला. नवी आवृत्ती काढायची होती. आजोबांचं हस्तलिखित सापडलं होतं, पण शेवटचं पान त्यात नव्हतं. "ते पुस्तक तुमच्या मामांनी जुळवलं ना? त्यांना आठवत असेल का?" तिने विचारलं. मी म्हटलं, मामाला गेल्या आठवड्यातलं काही आठवत नाही, पण जुळवलेली ओळ विसरणं त्याच्या रक्तात नाही. रविवारी दुपारी चारला वाचनालयात सगळ्या वाचकांसमोर विचारायचं ठरलं. मीच ठरवलं. हौस मला.

हे सांगायला गेले तेव्हा मामी चष्मा दुरुस्त करायला बाहेर गेली होती. मामाने सगळं ऐकलं आणि पाणी मागितलं. मग म्हणाला, "लोटून घेतले."

"काय?"

"कागदावर 'लोटून घेतले' होतं. मिटलं दार. मी 'लोटले' केलं."

मला वाटलं मी खुर्चीवरून पडणार. मामाने? शब्द बदलला?

"जागा नव्हती," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "सोळा पानांचा एक फर्मा. एकोणीस फर्मे म्हणजे तीनशे चार पानं. शेवटचा एक शब्द तीनशे पाचव्या पानावर जात होता. एका शब्दासाठी नवा फर्मा लावायचा का?"

"मग सांगून टाक ना तसं! त्यात काय एवढं?"

त्याने दाराकडे पाहिलं, मामी येतेय का म्हणून. "तुझी मामी त्या दारातून परत आली," तो म्हणाला.

आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण मोठ्याने कोणी बोलत नाही. मामा-मामीचं पहिलं मूल जन्मून तीन दिवसांत गेलं. चौथ्या दिवशी मामा छापखान्यात कामावर हजर. घरी आला की जेवायचा आणि झोपायचा. मुलाबद्दल एक अक्षर नाही. महिनाभराने मामी म्हणाली, भावाकडे चार दिवस जाऊन येते. त्या चार दिवसांचे अकरा महिने झाले. मामा ना न्यायला गेला, ना पत्र लिहिलं. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द जुळवणाऱ्याला स्वतःचे दोन जुळेनात. शेवटी 'मीठवाटेची राणी' बांधून आली, तेव्हा त्याने पहिली प्रत टपालाने तिला पाठवली. सोबत चिठ्ठीसुद्धा नाही. आठवड्याभरात मामी पिशवी घेऊन घरी आली, आणि पुस्तक पिशवीत सगळ्यात वर होतं.

"तिने दार उघडलेलं वाचलं आणि ती आली," मामा म्हणाला. "आता चारचौघांत सांगू, की ते दार मिटलेलं होतं? माझी गफलत होती?"

"मग नको सांगूस. उघडलं म्हण. कोण बघायला येतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मामा माझ्यावर आयुष्यात एकदाच ओरडला, तो तेव्हा. "म्हणजे मेलेल्या माणसाच्या तोंडात पुन्हा माझा शब्द घालू? एकदा घातला तेवढा पुरे!" मग खोकत बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी माणसं जिन्यापर्यंत बसली. मामा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात, लग्नाला आल्यासारखा. मामी मागे खिडकीशी बसली. दुरुस्त केलेला चष्मा तिला घट्ट होत होता आणि ती तो सारखा काढत होती.

निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी सुरुवात केली. "मिटलं. बारा वर्षं निरोप नाही, निम्मं राज्य हातचं गेलं, आणि हा उगवतो पहाटे! मी असते तर वरून कडी घातली असती."

सुतार उठला. हा माणूस वर्षाला एकच पुस्तक वाचतो, आणि ते हेच. "बाई, तुम्ही मन बघता, मी बिजागरी बघतो. पान चाळीस काढा. शिपाई बाहेरून राणीचं हेच दार ओढतो आणि आत जातो. म्हणजे दार बाहेर उघडणारं. आतून लोटलं की उघडणारच! त्याला लेखकाचाही इलाज नाही."

मी पान चाळीस काढलं. खरंच तसं होतं. एवढ्या वर्षांत माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. औषधवाले म्हणाले, पुस्तकच भंपक आहे, त्या काळात असल्या बंदुका नव्हत्या आणि पहिली ऐंशी पानं नुसतं मीठ. "मग तिसऱ्यांदा का नेलंत?" मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, चुका मोजायला. दवाखान्यातली परिचारिका भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "ड्यूटीवर कोणी बरं होऊन घरी गेलं की त्या दिवशी मला ते उघडतं. नाही तर मिटतं. मी ठरवतच नाही."

मी त्या खोलीकडे बघत राहिले. सुतार, बाई, औषधवाले, परिचारिका. ज्या बाईचं हाडामांसाचं शरीर कधी नव्हतं, तिच्या एका हाताच्या हालचालीवर ही माणसं चाळीस वर्षं जीव टाकत होती. आणि हे सगळं एका जुळाऱ्याने तीन अक्षरं गाळल्यामुळे. माझ्या अंगावर काटा आला, हे सांगायला मी लाजत नाही.

मग नातीने मामाला विचारलं. मामा उठला. बिजागरीने त्याची सुटका करून ठेवली होती. नुसतं सुताराकडे बोट दाखवलं असतं तरी काम भागलं असतं.

"हस्तलिखितात 'लोटून घेतले' होतं," तो म्हणाला. "दार मिटलं होतं. शब्द मी बदलला."

एकच गलका. मुख्याध्यापिकाबाईंनी टाळी वाजवली. सुतार म्हणाला, मग लेखकाला दार लावता येत नव्हतं. नातीने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, "पण का बदललात?"

"जागा नव्हती. एक शब्द पुढच्या पानावर..." मामा थांबला. शेजारच्या रिकाम्या खुर्चीची पाठ त्याने घट्ट धरली. मला वाटलं त्याला चक्कर येतेय, म्हणून मी पुढे झाले. त्याने मान हलवली.

"नाही. जागा होती," तो म्हणाला. "वरच्या दोन ओळी जरा आवळल्या असत्या की बसला असता शब्द. अर्ध्या तासाचं काम. शिकाऊ माणूससुद्धा करतो. मीच केलं नाही. माझी बायको तेव्हा घरी नव्हती. अकरा महिने नव्हती. ते दार मिटवायला माझा हात गेला नाही."

माझ्यापाशीसुद्धा हे त्याने कबूल केलं नव्हतं. तो मागे वळला आणि खिडकीकडे बघून म्हणाला, "तू ते वाचून आलीस. पण ते तसं नव्हतंच. मी तुला फसवलं."

मामीने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मी कुठे उघडलेलं वाचलं?" ती म्हणाली. "मला तर ते मिटलेलंच दिसलं. अजून दिसतं."

"मिटलेलं?"

"मग? तिने दार लोटलं, संपलं पुस्तक. उघडलं असतं तर पुढे लिहिलं नसतं का त्यांनी दोन ओळी? दोन दिवस रडले मी त्या बाईसाठी. जेवले नाही. वहिनीला वाटलं बाळाच्या आठवणीने रडतेय. ते तर होतंच. तिसऱ्या दिवशी म्हटलं, तिने लोटलं म्हणून आपणही लोटायचं का? निघाले."

मामाने खुर्ची सोडली. एक्केचाळीस वर्षं त्याला वाटत होतं, आपल्या हाताने एक चोरी केली आणि त्या चोरीवर आपला संसार उभा आहे. "म्हणजे... तू आपली आपण आलीस?"

"आपली आपण नाही तर काय, तुमच्या खिळ्यांनी ओढून आणलं?"

मागे कोणीतरी फस्सकन हसलं आणि मग सगळेच हसले. मामी हसली नाही. मी तिला जन्मापासून ओळखत होते. माझ्या परीक्षांना तिने माझ्या वेण्या घातल्या होत्या. त्या दुपारी मात्र ती मला पहिल्यांदा दिसली. साऱ्या खोलीचा कौल एका शब्दावर टांगलेला असताना हिने तोच शब्द वाचला, नेमका लेखकाला हवा होता तसा वाचला, आणि मग त्याच्या उलट वागली. मी हजारो पुस्तकं दिली-घेतली आहेत. असा वाचक मी पाहिला नव्हता.

नातीने डोळे पुसले आणि वही उघडली. "काका, मग मी काय छापू?"

"लिहिलंय ते," मामा म्हणाला. "लोटून घेतले. आणि जागा करा."

सुतार नाही-नाही म्हणत होता, पण मामा ऐकत नव्हता. तो अजून मागेच वळून उभा होता. मला वाटलं, आता हा खाली बसणार, नेहमीसारखा.

"मी यायला हवं होतं," तो म्हणाला. "तुला न्यायला. आणि त्या चौथ्या दिवशी कामावर जायला नको होतं मी."

"नको होतं," मामी म्हणाली.

ती उठली, माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत पुढे आली आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.